अक्कासाठी लांब गाडी

जुनी गाडी बघायला तीन माणसं गेली, की येताना गाडी सोबत येईलच असं नाही. किस्से मात्र येतातच! मी आयुष्यात एकच गाडी घेतली, तीही सेकंडहँड. पण ती घेईपर्यंत एवढे किस्से जमले, की स्टाफरूममध्ये सांगायला बसलो की पुढचा तास बुडतो. पोरं खूश, प्राचार्य नाराज. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकू.

गाडी हवी होती ती अक्कासाठी. अक्का म्हणजे माझी आई. दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून तो पाय नीट वाकत नाही. घरात काठी, बाहेर व्हीलचेअर. तिची धाकटी बहीण, सिंधूमावशी, राहते अमळनेरला. आम्ही धुळ्यात, देवपूरला. अंतर तासाभराचं. पण एसटीची पायरी अक्काला चढता येत नाही, रिक्षात पाय मावत नाही, आणि मित्राच्या छोट्या गाडीत पाय लांब केला तर तो थेट गिअरवर!

त्यामुळे दोन वर्षं दोघी बहिणींची भेट नाही. राहिला फोन. मावशीला फोनवर धड ऐकू येत नाही. अक्का इकडून ओरडायची, "पाय बरा शे!"

तिकडून मावशी, "चाय? हा, आतेच लिधा!" म्हणजे आत्ताच घेतला.

मग अक्का फोन ठेवून खिडकीबाहेर बघत बसायची. ते मला बघवेना.

तेव्हा ठरलं, स्टेशन वॅगन घ्यायची. म्हणजे ती लांब गाडी, जिचं छप्पर थेट मागच्या टोकापर्यंत जातं. पुढची सीट मागे सरकवली की अक्काचा पाय सरळ राहणार, आणि व्हीलचेअर अख्खी मागे. आता अशा नव्या गाड्या फारशा दिसत नाहीत. मग जुनीच बघणं आलं.

"जुनी घेतोस तर फक्त इंजिन बघ!" प्रमोद म्हणाला. "बाकी सगळा पत्रा असतो." प्रमोद आमच्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघतो.

इंजिन बघायचं म्हटल्यावर आम्ही दोघं भास्करनानांच्या गॅरेजवर गेलो.

*

भास्करनाना म्हणजे देवपूरचे जुने मेकॅनिक. पासष्टी ओलांडलेली, चष्म्याला दोरी, खिशात एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर.

"सर, तुम्ही काय शिकवता?" त्यांनी मला विचारलं.

"फिजिक्स. फोर-स्ट्रोक इंजिन आमच्याच पुस्तकात आहे," मी जरा ताठ होऊन सांगितलं. खरंच होतं ते! वीस वर्षं फळ्यावर पिस्टन वरखाली करतोय मी.

"मंग चांगलं शे!" नाना खूश झाले. समोर एक गाडी बॉनेट उघडून उभी होती. "सर, जरा तेल बघा बरं हिचं. कसं शे?"

मी पुढे झालो. एक झाकण दिसलं, ते उघडलं, आत बोट बुडवलं, उजेडात धरलं.

"नाना, तेल एकदम स्वच्छ आहे! पातळ आहे थोडं. आणि निळसर."

नानांनी चष्मा वर केला.

"सर, ते काच धोवानं पानी शे."

त्या दिवसापासून नाना मला कुठल्याच गाडीच्या झाकणाला हात लावू देत नाहीत.

*

नानांचा पहिला नियम, इंजिन थंड असताना बघायचं. गरम इंजिन कुठलंही सुरू होतं. खरं काय ते सकाळी कळतं.

पहिली गाडी धुळ्यातच होती. मालकाला आम्ही सकाळी नऊची वेळ दिली होती. गेलो तर गाडी कडुनिंबाच्या गार सावलीत, धुऊनपुसून उभी. नानांनी बॉनेटवर तळहात ठेवला.

"गाडी आज कुठे जाऊन आली?"

"छे हो! आठ दिवस जागची हललेली नाही," मालक म्हणाले.

"मग हिला ताप आला असेल," नाना म्हणाले आणि आम्हाला घेऊन परत फिरले.

दुसऱ्या दिवशी न कळवता सकाळी सातलाच जाऊन हजर! मालक दात घासत बाहेर आले. आता नाही कसं म्हणणार? त्यांनी चावी फिरवली. घर्रर्र. पुन्हा फिरवली. घर्रर्रर्र. सहाव्या वेळेला गल्लीतली कुत्री उठली.

तेवढ्यात शेजारच्या घरातून एक काका बनियनवर बाहेर आले. आमच्याकडे बघितलं नाही, मालकाकडे बघितलं नाही. सरळ गाडीच्या मागे जाऊन दोन्ही हात लावून उभे राहिले.

नानांनी विचारलं, "काका, तुम्हाला कोणी बोलावलं?"

"बोलवायचं काय त्यात?" काका म्हणाले. "सातला मी रोज येतो!"

*

दुसरी गाडी आम्ही बघितली, ती आवाजासाठी गाजली.

नाना तो लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवतात आणि मूठ कानाशी धरतात. डॉक्टर छाती तपासतात तसं. आत कुठे काही सैल झालं असेल तर आवाज थेट कानात. प्रमोदने हे व्हिडिओत बघितलं होतं. तो म्हणाला, "नाना, आज मी बघतो."

नानांनी स्क्रूड्रायव्हर दिला. गाडी सुरू होती. प्रमोदने डोळे मिटले, भुवया वर नेल्या आणि बराच वेळ ऐकत राहिला.

"बेअरिंग गेलंय," त्याने शेवटी निकाल दिला. "स्पष्ट ऐकू येतंय. टक टक, टक टक. अजून सहा महिने. मग इंजिन खाली उतरवावं लागणार."

मालकाचा चेहरा उतरला. बिचारा साधा माणूस! "मला तर कधी जाणवलं नाही हो," म्हणाला.

नाना गेले, चावी फिरवली, इंजिन बंद केलं.

टक टक, टक टक चालूच!

नानांनी कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे डोकावलं. शेजारी एक सुतार पलंगाचा पाय ठोकत बसला होता.

"प्रमोद सर," नाना म्हणाले, "पलंगाला सहा महिने काही होत नाही."

ती गाडी खरं तर चांगली होती. पण मालक आमच्यावर इतका रागावला की विकायलाच तयार होईना. बरोबरच होतं त्याचं.

*

मग प्रमोदने मोबाईलवर एक झकास स्टेशन वॅगन शोधली. टर्बोवालं मोठं इंजिन, परदेशी बनावटीचं. "नाना, हिची पॉवर बघा नुसती!"

मालक हौशी गृहस्थ होते. बॉनेट उघडलं तर आत सगळं झाकलेलं, काळं, चकचकीत. नाना बराच वेळ बघत उभे राहिले. मग एकच प्रश्न विचारला.

"हिचा ऑइल फिल्टर कुठे मिळतो?"

"मागवावा लागतो."

"किती दिवसात येतो?"

"मागच्या वेळी तीन आठवडे लागले."

"तोवर गाडी?"

"उभी असते. पण दिसते छान!" मालक प्रामाणिकपणे म्हणाले.

परत येताना प्रमोद हिरमुसला होता. "नाना, पण इंजिन भारी होतं. न बिघडणारं!"

नाना म्हणाले, "पंचेचाळीस वर्षं झाली, न बिघडणारं इंजिन मी तरी बघितलं नाही." मग जरा विचार करून म्हणाले, "आता असलं तरी ते माझ्याकडे कशाला येईल?"

पण त्यांनी गाडीत मला नीट समजावून सांगितलं. घरच्या माणसांसाठी गाडी घ्यायची तर साधं इंजिन घ्यायचं. ताकद थोडी कमी असू दे. ज्याचे पार्ट धुळ्यात मिळतात, जे रस्त्यात बंद पडलं तर पारोळ्याचा मेकॅनिकही उघडू शकतो, ते खरं भरवशाचं. "अक्का रस्त्यात अडकायला नको, सर. बस, इतलंच बघायचं."

*

चौथी गाडी होती जळगावला. आम्ही नानांच्या स्वतःच्या गाडीतून निघालो. एरंडोलच्या अलीकडे ती आचके देऊन बंद पडली!

नाना उतरले, बॉनेट उघडलं, आतली एक वायर दाताने सोलून जोडली आणि परत येऊन बसले.

प्रमोदने विचारलं, "नाना, तुम्ही तुमची गाडी कोणाला दाखवता?"

"दाखवायची तर शे," नाना म्हणाले. "पण चांगला मेकॅनिक कोठे भेटस!"

जळगावच्या गाडीच्या मालकीण निवृत्त नर्स होत्या. वत्सलाताई. सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणते. नाना दारातूनच म्हणाले, "जय भीम, सिस्टर."

"जय भीम. चपला बाहेर. आणि गाडीला हात लावायच्या आधी हात धुवा."

अंगणात पांढरी लांबलचक स्टेशन वॅगन उभी होती. नानांनी बॉनेटवर हात ठेवला, गार. तेलाची पट्टी काढली, बघितली, पुसली, परत घातली. चावी फिरवली. एका झटक्यात सुरू! मागे जाऊन धूर बघितला, धूरच नाही. मग स्क्रूड्रायव्हर कानाला लावून उभे राहिले आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं, जसं काही आतून कोणी त्यांच्याशी बोलतंय.

"सर, हीच," ते माझ्या कानात म्हणाले.

मला राहवेना. मी सीटवर बसलो आणि आनंदाच्या भरात ॲक्सिलरेटर दाबला. घूंऽऽऽ!

"बंद करा!" सिस्टर ओरडल्या. "पेशंट आत्ता झोपेतून उठलाय. त्याला तुम्ही पळवता? खाली उतरा! मी गाडी देणार नाही."

आम्ही गयावया केली. काही उपयोग नाही. शेवटी मी अक्काचं सांगितलं. गुडघा, व्हीलचेअर, अमळनेर, मावशी, सगळं. सिस्टर ऐकत राहिल्या.

"कोणता पाय?"

"डावा."

"व्यायाम करतात?"

"कंटाळा करते."

सिस्टरनी मला पुन्हा बसायला सांगितलं. "सुरू करा. आता हात मांडीवर ठेवा. पाय बाजूला. आणि गप्प बसून राहा." मी बसलो. इंजिनचा आवाज हळूहळू खाली आला, शांत झाला, एकसारखा झाला. "आता न्या," त्या म्हणाल्या.

गाडी ताब्यात देताना त्यांनी डिस्चार्ज द्यावा तशा सूचना दिल्या. सकाळी लगेच पळवायचं नाही. पाणी रोज बघायचं. आवाज बदलला तर अंगावर काढायचं नाही, लगेच दाखवायचं.

प्रमोदने उगाच विचारलं, "आणि काही पथ्य, सिस्टर?"

त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हे चालवणार नाहीत!"

*

गाडी घरासमोर आणून उभी केली त्याच्या दुसऱ्या सकाळची गोष्ट. पांढरी, लांब, मागे मोठं दार. मी गाडी पुसत होतो. समोरचे पाटील आजोबा घाईघाईने आले, त्यांच्या मागोमाग आणखी दोघं. तिघांचे हात जोडलेले, चेहरे पडलेले.

"कधी झालं?" आजोबांनी हलक्या आवाजात विचारलं.

"काल संध्याकाळी," मी म्हणालो. मला वाटलं, गाडीचंच विचारताहेत!

"त्रास नाही ना झाला फार?"

"झाला थोडा. जळगावला जावं लागलं."

आजोबांनी डोळे पुसले. "अक्कांनी फार सोसलं हो."

तेवढ्यात घराच्या खिडकीतून अक्काचा आवाज आला, "पाटीलभाऊ, बाहेर काय उभा? आत या, चहा टाकस!"

*

आणि मग आला अमळनेरचा दिवस.

अक्का पहाटेपासून तयार. नवं लुगडं, केसात फूल. पुढच्या सीटवर पाय लांब करून बसली. मी चावी फिरवली, हात मांडीवर ठेवले, थांबलो. गाडी निघाली ती अशी की, अक्का वाटेत दोनदा म्हणाली, "चालू शे ना रे?"

मावशी ओट्यावरच उभी होती. दोन वर्षांनी बहीण समोर! मी व्हीलचेअर काढायला मागे वळलो, तोवर मावशी ड्रायव्हरचं दार उघडून माझ्या सीटवर बसलीसुद्धा. दोघींनी एकमेकींचे हात धरले. मग दोघी रडल्या. मग हसल्या. मग मावशीने मला सांगितलं, "काच वर कर. आन् तू घरात जाय."

"मावशी, अक्काला घरात घेऊ ना. पंखा आहे, जेवण आहे."

"जेवन आठेच आन!"

मावशीची सून, मीनावहिनी, शांतपणे दोन ताटं गाडीत देऊन आल्या. मग चहा गाडीत. मग पुन्हा चहा. येणारे-जाणारे खिडकीतून डोकावून नमस्कार करून पुढे जात होते. दुपार उलटली तरी काचेआड दोघींची तोंडं चालूच. मी घरात पंख्याखाली पाहुण्यासारखा बसलेलो.

चार वाजता मी काचेवर टकटक केलं. "मावशी, उतर आता. निघायला हवं."

मावशी लगेच उतरली. मला बरं वाटलं. मी सीटवर बसलो. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि मावशी अक्काच्या मागे जाऊन बसली.

"मावशी, तू मागे काय बसतेस?"

"मंग काय, गाडी मीच चालावू?"

मी वळून पाहिलं. मागे घडी घातलेल्या व्हीलचेअरला टेकून एक गच्च भरलेली बॅग, एक उशी आणि फडक्याने बांधलेली लोणच्याची बरणी. ती कधी ठेवली, कोणी ठेवली, मला पत्ता नाही. अक्का समोरच्या रस्त्याकडे बघत होती, अगदी निष्पाप चेहऱ्याने.

मी ओट्याकडे पाहिलं. मीनावहिनी हात हलवत उभ्या होत्या.

"भाऊ, खड्ड्यात जरा हळू घ्या," त्या म्हणाल्या. "बरणीचं झाकण सैल आहे!"