बोधचिन्हाखालचं नाव

म्हसवडच्या अलीकडच्या आमच्या गावाची नगरपंचायत झाली आणि गावाला अचानक बोधचिन्हाची गरज भासू लागली. काम नाथाजी पेंटरकडे आलं. या माणसाने जन्मभर भिंतींवर निवडणुकीची चिन्हं रंगवली. निकाल लागला की त्यांवर चुना फिरायचा. पुढे फ्लेक्स आले आणि भिंतीही गेल्या. एवढं रंगवूनही गावात आपलं नाव कुठे उरलं नाही, हे त्याच्या मनाला फार लागायचं. म्हणून त्याने एकच अट घातली, "चित्राखाली माजं नाव ऱ्हाईल. कायमचं."

"ऱ्हाऊ दे की गड्या," नगराध्यक्ष लालासाहेब म्हणाले. "आमचं काय जातंय?"

नाथाजीने कच्चं चित्र सभेपुढे ठेवलं: माणगंगा, दोन मेंढरं, ज्वारीचं कणीस. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात नगरसेवक तानाजी म्हणाला, "समदं हाय, पण आमची कपबशी कुठाय? तिच्यावरच निवडून आलोय मी."

झालं! मग नगरसेविका बनाबाईंना त्यांची छत्री हवी, रविराजला गॅस सिलिंडर आणि लालासाहेबांना रोड रोलर, तोही मधोमध. मेंढरं गेली, नदी आटली, कणीस सिलिंडरमागे दडलं. नाथाजीला हे मुळीच पटलं नाही, पण नावापायी त्याने तोंड मिटून ब्रश चालवला.

नगरपंचायतीच्या दर्शनी भिंतीवर बोधचिन्ह रंगलं. उद्घाटनाला साताऱ्याहून एक प्राध्यापक आणले होते. शाल-श्रीफळ घेऊन त्यांनी अर्थ उलगडला. छत्री म्हणजे दुष्काळी मुलखाची पावसावरची श्रद्धा, सिलिंडर म्हणजे मर्दांच्या पोटातली आग, आणि रोड रोलर म्हणजे आडवं येणाऱ्याला सपाट करायची आपली थोर परंपरा. टाळ्यांचा कडकडाट झाला. नाथाजी मात्र खालच्या कोपऱ्याकडे बघत होता. बायकोला, साळूबाईला, त्याने मुद्दाम नेऊन ते नाव दाखवलं.

पुढच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली. तहसीलचे साहेब भिंत बघून चक्रावलेच. "अहो, ही तर उमेदवारांची चिन्हं! आजच्या आज झाका."

चुना मारायला नाथाजीलाच बोलावलं. त्याने छत्री झाकली, कपबशी झाकली, रोलरवर तर दोन हात जास्तच मारले. नाव तेवढं ठेवलं. ते काही कुणाचं चिन्ह नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्याशुभ्र सरकारी भिंतीवर 'नाथाजी पेंटर' एवढंच झळकत होतं. एसटी स्टँडपर्यंत एकच चर्चा, "आवं, नाथाजी हुबा ऱ्हायलाय म्हणं?" लालासाहेबांनी लगेच प्रचाराची तक्रार ठोकली. साहेबांनी नावही झाकायला सांगितलं.

नाथाजी चुन्याची बादली घेऊन भिंतीपुढे उभा राहिला. त्याने ब्रश चुन्यात बुडवला, निथळला, पुन्हा बुडवला. लालासाहेब घाईत होते.

"आण तो ब्रश हिकडं, मीच मारतो."

"न्हाई आण्णा," नाथाजी म्हणाला, "माजं नाव हाय. मीच पुसतो."