मेरीचा कागदी कप

“तिला चहा कागदी कपात दे. आणि नंतर तो वेगळ्या पिशवीत घालून तुझ्याकडे घेऊन जा. आमच्या कचऱ्यात नको. घरात लहान मुलं आहेत गं.”

योकोहामातल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात सुनीतावहिनी कुजबुजल्या. बाहेर संक्रांतीचं हळदीकुंकू चाललेलं. आयटीतल्या नवऱ्यांमागून जपानला आलेल्या आम्ही सगळ्या. पुण्या-मुंबईच्या. त्यांत एकटी मेरी.

मेरीला मीच नेलं होतं. कावासाकीच्या बेंतो कारखान्यात आम्ही शेजारी उभ्या राहून जेवणाचे डबे भरायचो. मार्शल बेटांवरची ती, साठीच्या आसपासची, इथे लेक-जावयाकडे राहायची. “आमच्याकडे या दिवशी आलेल्या प्रत्येक बाईचा मान करतात,” असं तोऱ्यात मीच तिला सांगितलं होतं.

तिच्या गळ्यावरच्या व्रणाबद्दल कुणीतरी विचारलं. मेरीने सरळ सांगितलं. ती लहान असताना अमेरिकेने अणुबॉम्बची चाचणी केली. त्यांच्या बेटावर पांढरी राख पडली. पोरं त्या राखेत खेळली. मग सगळ्यांना उचलून नेलं. काही वर्षांनी परत आणून सोडलं, म्हणे आता धोका नाही. धोका होता. माणसं आजारी पडत राहिली, शेवटी बेट सोडावंच लागलं. गळ्याचं ऑपरेशन त्यातलंच. बायका हळहळल्या. आणि वहिनी मला आत घेऊन गेल्या.

कपातून असं काही लागत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी काय केलं? कागदी कप भरला. बाकीच्यांना चिनी मातीचे. मेरीला कागदी. तिने हसून घेतला. ते हसू मला अजून छळतं.

मग कुंकू. वहिनी एकेकीच्या कपाळाला बोट लावत आल्या. मी शिकवल्याप्रमाणे मेरीने कपाळ पुढे केलं. वहिनींनी करंडा लांबूनच धरला. “प्लीज, यू डू इट युवरसेल्फ.” मेरीला कळेना. कपाळ तसंच पुढे.

पुण्यात आई जिथे भांडी घासायची, तिथे तिचा कप मोरीपाशी उपडा असायचा. कान तुटलेला. मी पाहिलेला. या बायकांत मी ते कधी बोलले नव्हते. आडनावावरून आमचं कळत नाही. आमच्या घरात हळदीकुंकू नसतं, तरी मी दर वर्षी इथे कुंकू लावून घ्यायचे. ओळखू येऊ नये म्हणून.

उठले.

“वहिनी, आम्ही बौद्ध. माझ्या आईचा कपही लोक असाच वेगळा ठेवायचे.”

“अगं, आम्ही जातपात मानतच नाही! हे हेल्थचं आहे.”

“तेव्हाही स्वच्छतेचंच होतं.”

कपाळ पुसलं. मेरीचा हात धरून बाहेर पडले.

स्टेशनवर तिला सगळं सांगितलं. कप मी समजून-उमजून दिला, हेही. ती म्हणाली, “आम्हाला तपासायला डॉक्टर हातमोजे घालून यायचे. तशांना मी लांबून ओळखते. तू तर माझ्या शेजारी उभी राहायचीस.”

मी माफी मागितली. तिने दिली नाही. द्यायलाही नको होती.

आता कुणाच्याही दारात बूट काढायच्या आधीच सांगते, आम्ही बौद्ध. सोबत कोण आलंय तेही सांगते. त्या घरातल्यांचे चेहरे नीट बघून घेते. बसायचं की परत फिरायचं, ते मग मी ठरवते.