गेरूचा ठिपका

काल्हेरच्या आमच्या आळीत लडकूशेठ म्हात्रे म्हणजे हट्टाचं दुसरं नाव. कापड विणायच्या बारा लूमचा कारखाना होता, पण त्यांनी दुरुस्तीला जॉबर कधी ठेवला नाही. लूम बिघडला की मालकच पाना घेऊन खाली सरपटायचे. पुढे लूम भंगारात गेले, शेडचं गोदाम झालं, मुलगा भाविक ते सांभाळू लागला आणि लडकूशेठच्या हातांना काम उरलं नाही. मी शेजारी, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. मलाही काम नव्हतंच. दिवसभर त्यांच्या ओट्यावर चहा पीत बसायचो आणि नको ते सल्ले द्यायचो.

गणपती झाल्यावर त्यांच्या जुन्या डिझेल गाडीचं इंजिन जाम झालं. भाविक म्हणाला, "बाबा, दिवाळीपर्यंत चालू झाली तर ठेवा. न्हायतर भंगारवाल्याला बोलावतो. मला ट्रक वळवायला जागा पायजे." पोरगा वाईट नाही, पण आईच्या बाबतीत आंधळा. त्याच्या आईचे, कमळावहिनींचे, गुडघे पार गेले होते. दर मंगळवारी वज्रेश्वरीच्या गरम कुंडात पाय सोडून बसलं की त्यांना चार दिवस बरं वाटायचं. भाविकची नवी गाडी उंच, बसची पायरी तिच्याहून उंच. या एका ठेंगण्या गाडीत त्या कुणाचा हात न धरता बसत. गाडी थांबली आणि मंगळवारही थांबला.

लडकूशेठनी अंगणातच इंजिन खोललं. मी हसलो. त्यांना राग आला.

"मास्तर, लूमचा वरचा शाफ्ट दोनदा फिरला का खालचा एकदा फिरतो. हितं बी तोच हिशेब. क्रँक दोनदा, कॅम एकदा. मेळ चुकला तर लूमवर धागा तुटतो. हितं पिस्टन जाऊन वालवर आपटल."

कॅमच्या दातेरी चाकावरची मूळ खूण गंजून गेली होती. म्हणून चाक काढण्याआधी त्यांनी जॉबरच्या सवयीनं एका दातावर गेरूचा ठिपका दिला. बसवताना तो ठिपका वरच्या खाचेसमोर आणायचा, की मेळ जमला. लूमवर तीस वर्षं त्यांनी असंच केलं होतं.

मग दसरा आला. लडकूशेठ सोनं वाटायला गावात गेले होते. वहिनींनी चटईवर इंजिनाचे सगळे भाग पूजेला मांडले. देवापुढे कळकट वस्तू कशी ठेवायची, म्हणून त्यांनी एकेक भाग रॉकेलनं घासला. त्यांना वाकवेना म्हणून चाकं पुसायला मीही हात लावला. त्या खुशीत होत्या. "भाऊजी, एकाला बी इसरायचा न्हाय," म्हणत त्यांनी तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट प्रत्येकाला लावलं. चाकं लखलखीत दिसत होती. मी त्यांचं कौतुकही केलं.

पाडव्याच्या सकाळी जोडणी संपत आली. चाकावरचा लाल ठिपका तेलानं काळवंडला होता. लडकूशेठनी तो खाचेसमोर आणला आणि पट्टा चढवला. पाना लावून इंजिन हातानं फिरवून बघितलं, तर एका जागी अडलं.

"अडतंय," मी म्हणालो.

"पिस्टनच्या रिंगा नव्या हायत. घट्ट लागनारच."

दारात वहिनी आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. मुहूर्त सरत आला होता. भाविकही हात बांधून बघत होता. एरवी लडकूशेठनी पाना सोडला नसता. त्या दिवशी सोडला. नारळ फुटला, त्यांनी चावी फिरवली, आणि आतून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. त्यानंतर काही फिरलंच नाही.

भाऊबीजेला त्यांनी इंजिन पुन्हा खोललं. व्हॉल्व्ह वाकले होते, एक मोडून पिस्टनमध्ये रुतला होता. त्यांनी चाक मांडीवर घेतलं आणि लाल ठिपक्यापासून एकेक दात तपासत तिसऱ्या दाताशी थांबले. तिथल्या खोबणीत नख घातलं. नखाला कोरडी तांबडी भुकटी लागली.

"ह्यो गेरू," ते म्हणाले. मग ठिपक्यावर बोट ठेवलं. "आन् ह्यो कुंकू."

मला सगळं आठवलं. रॉकेलची चिंधी, माझा हात. मी सांगून टाकलं. वाटलं, ते शिव्या देतील. दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"कमळेला बोलू नका," एवढंच म्हणाले. त्यांनी चाक पुसलं. दोन्ही खुणा गेल्या.

तुळशीच्या लग्नाआधी भंगारवाल्याची गाडी दारात आली. मी भाविकला अडवायला गेलो आणि अडवून काय सांगणार, हे न सुचल्यामुळे परत ओट्यावर येऊन बसलो. वहिनी भिंतीचा आधार घेत बाहेर आल्या. त्यांच्या हातात कुंकवाची वाटी होती. त्यांनी जुन्या गाडीच्या बोनेटवर बोट टेकवलं.

"मीच कुटंतरी कमी परले," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "सगल्यांना लावला व्हता का नाय मी कुंकू? एकादा राहिला आसल."

लडकूशेठनी माझ्याकडे बघितलं नाही.

"सगल्यांना लावला व्हतास," ते म्हणाले. "एक बी राहिला न्हवता."