तळ्यात किती पोती?

पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरी धरली, की किस्से शोधावे लागत नाहीत. तेच गाडीत येऊन बसतात! आमच्या गाडीत आम्ही तिघं: मी, केमिस्ट सुजाताताई आणि ड्रायव्हर गफूरचाचा. त्यातले सेनगावकडच्या त्या तळ्याचे किस्से मी शक्यतो दिवसाउजेडीच सांगतो.

*

शेतांतलं खत उतरून तळ्यात नायट्रेट वाढलेलं. लिटरमागे किती मिलिग्रॅम, हे ऐकून काठावरचे मेंढपाळ धोंडिबामामा वैतागले. "तसं न्हाई! सगळ्या तळ्यात मिळून किती पोती हाय, ते सांगा!"

ताई हसल्या आणि खरंच हिशोबाला बसल्या. जागोजागी खोली मोजायची, त्यावरून तळ्यातलं पाणी काढायचं, त्याला सरासरी नायट्रेटनं गुणायचं. उत्तर आलं, टेम्पो भरेल एवढी पोती!

मामांचं तोंड उतरलं. घरात तान्हा नातू, सुनेला दूध नाही, पावडरचं दूध याच पाण्यात कालवायचं. अशा पाण्यानं तान्ही लेकरं निळी पडतात.

"आमी उकळून पाजतो की, ताई."

"उकळलं की पाणी उडतं, मामा. नायट्रेट खालीच राहतं. उलट घट्ट होतं!"

*

उन्हाळ्यात तळं निम्म्यावर आलं. पुन्हा मोजलं, तर पोती तेवढीच.

"पानी भाग गया, जहर बराबर जागेवर!" चाचा म्हणाले. कुणी हसलं नाही. त्याच दिवशी नातवाचे ओठ निळे दिसले, आणि आम्ही त्याला आमच्याच गाडीतून दवाखान्यात पोचवलं. लेकरू वाचलं. डॉक्टर म्हणाले, पाणी बदला. आम्ही नेलेले पाण्याचे जार संपले, की पुन्हा तेच तळं होतं.

*

मामांची मेंढरं काठावर यायची आणि पाण्याला तोंड न लावता तळ्याच्या मधोमध बघत उभी राहायची. सगळीच्या सगळी!

"काहून हो मामा?"

"तिथं खाली आमचा जुना आड हाय. तळं मागून झालं. माझी माय त्या आडावर पानी आणाया गेली, ती आलीच न्हाई. मी तवा अंगावर पीत होतो."



*

त्या आडाची खोली हिशोबात धरलीच नव्हती. म्हणून पुढच्या खेपेला होडी तिथं नेली. नमुन्याची बाटली वजन बांधून खाली सोडतात. मग दुसऱ्या दोरीला वरून झटका दिला, की बूच निघतं आणि पाणी भरतं.

दोरी जातच राहिली. एकदम झटका बसला.

"एवढ्यात ओढलंत, ताई?"

ताई पांढऱ्याफटक. "मी नाही. खालून ओढलं!"

बाटली वर आली ती भरून. काठावर येऊन किट उघडलं. नायट्रेट असलं, की पावडर टाकल्यावर पाणी गुलाबी होतं. त्या दिवशीचे सगळे नमुने गुलाबी झाले. आडातलं हे पाणी होईना. ताईंनी नवी पावडर घेतली, तरी पाणी नितळच.

"तळाशी असं होऊ शकतं..." ताई म्हणाल्या.

धोंडिबामामांनी हात धुतले आणि बाटलीसाठी पुढं केले.

"आणा हिकडं. लेकरासाठीच गेलती माय पानी आणाया. उशीर झाला तिला जरा."