दादाच्या फॉर्मवरचं ‘होय’

सोमवारी मी दादाचा फॉर्म पौडच्या पोस्टात टाकला. वर्षभराने दादा कॅनडाला गेला. तो परत आला नाही.

दादा माझा थोरला भाऊ. पुण्यात एका कारखान्यात लेथवर होता, रविवारी घरी येई. कायमचं राहायला जाणाऱ्या कारागिरांना कॅनडा व्हिसा देतो, असं त्याला तिथेच कुणीतरी सांगितलं. फॉर्म इंग्रजीत होता आणि घरात इंग्रजी फक्त मला येत होतं. मी शाळेत मास्तरीण होते. ओटीवर बसून मी एकेक प्रश्न मराठीत सांगत गेले आणि तो उत्तर देत गेला. नाव, जन्म, हातातलं काम. मग एक प्रश्न आला. कोणत्याही देशाने तुम्हाला पूर्वी प्रवेश नाकारला आहे काय? असल्यास हकीकत लिहा.

आत आबा, आमचे वडील, सुपारी कातरत होते. अडकित्त्याचा आवाज थांबला.

नऊ वर्षांपूर्वी दादा आगबोटीने मोंबासाला गेला होता. तिथल्या एका वर्कशॉपात काम ठरलं होतं. महिनाभरात तो परत आला. हवा मानवली नाही, असं आबांनी सगळ्यांना सांगितलं. खरं काय ते आम्हा तिघांनाच माहीत होतं.

आमचं गाव धरणात गेलं ते आमच्या जन्माआधी. दादाच्या पासपोर्टवर नव्या वस्तीचं नाव होतं. पण आमच्याकडे कुणी गाव विचारलं की जुन्याच गावाचं नाव सांगतात. बाजारात, सोयरीक जुळवताना, देवाला गाऱ्हाणं घालतानाही. मे महिन्यात पाणी उतरलं की आबा आम्हाला भेगाळलेल्या गाळावरून लांबवर नेत, दगडांची एक ओळ दाखवत आणि म्हणत, हा आपला उंबरा. आम्ही चपला काढून तो ओलांडायचो. पलीकडे नुसतं आभाळ आणि शिंपले. अजूनही कधी डोळा लागता लागता मी त्या उंबऱ्याच्या आत असते. डोक्यावरून पाणी सावकाश जात असतं, आणि भिंती नसलेल्या पुढच्या खोलीत दादा काहीतरी शोधत असतो. मी हाक मारत नाही. हाक मारली तर पाणी हलेल, असं वाटतं.

मोंबासाच्या बंदरावर अधिकाऱ्याने दुभाष्याकरवी गाव विचारलं. दादाने सवयीने जुनं नाव सांगितलं. कागदावर ते नव्हतं. हे गाव कुठे आहे, असं विचारल्यावर तो म्हणाला, पाण्याखाली. अधिकाऱ्याला ती थट्टा वाटली असेल, किंवा हा माणूस दुसऱ्याच्या कागदांवर आला आहे असं वाटलं असेल. दादाला उतरू दिलं नाही. त्याच बोटीने तो मुंबईला आला.

“न्हाई लिव,” आबा आतून म्हणाले. “नऊ वर्सांमागचं कोन उकरून काडतंय?”

पुण्यात फॉर्म टाइप करणारा टायपिस्टही सगळ्यांना तेच सांगत असे. होय लिहिलं तर फॉर्म तिथेच बाद होईल. पण नाही लिहिलं आणि पुढे उघडकीला आलं, तर दार कायमचं बंद, असं फॉर्मवरच छापलं होतं. दादाला जायचं होतं. मोंबासाला जायचं ठरलं तेव्हानंतर, त्याला इतकं मनापासून काही मागताना मी दुसऱ्यांदा पाहत होते.

तो माझ्याकडे बघून हसला. “मास्तरीणबाई, पोरांस्नी जे शिकिवतीस, तेच लिव.”

मी होय लिहिलं. वेगळ्या कागदावर सगळी हकीकत लिहिली, गावाची, धरणाची, बंदराची. दादाने खाली सही केली. आबा अडकित्ता ठेवून परसात निघून गेले.

मी खरेपणाने लिहिलं, असं दोघांनाही वाटलं. पण लिहिताना माझ्या मनात दुसरंच होतं. हे वाचून कॅनडावाले नको म्हणतील, दादा जाणार नाही, दर रविवारी असाच दुपारी सायकल टेकवून पाणी मागेल.

काही महिन्यांनी वकिलातीचं पत्र आलं. गाव बुडाल्याचा दाखला मागितला होता. तलाठी म्हणाला, “परदेशाला पाहिजे? बरं झालं. इथं तर कुणी मागितला नव्हता.” दाखला गेला, आणि व्हिसा आला.

तिथून दादाचं पहिलं पत्र आलं. बर्फाचं दोन ओळींत लिहून झाल्यावर त्याने लिहिलं होतं, ‘तू खरं लिहिलंस म्हणून मी इथं पोचलो.’ मी उलट टपाली पत्र पाठवलं. त्यात आबांची तब्येत होती, भाताचं होतं, शाळेचं होतं. चौथ्या हिवाळ्यात न्यूमोनियाने तो गेला. त्यानंतर वर्षभरात आबा गेले.

दादाचं ते पत्र माझ्याकडे आहे. त्या वाक्याला मी उत्तर दिलेलं नाही.