सोमाच्या पोटावरची निळी रेघ

किस्से गोळा करायला मी कधी मुद्दाम गेलो नाही. मंचरला माझं छोटं फिजिओथेरपी सेंटर आहे. पाठ धरलेला माणूस कॉटवर अर्धा तास पालथा पडून असतो. मोबाईल लांब ठेवलेला, हलायचं नाही अशी ताकीद दिलेली. चालू असतं ते फक्त तोंड! अशी बारा वर्षं गेली. आता मित्र भेटले की म्हणतात, "सांग रे तुझ्या मणक्यांचं काहीतरी," आणि मला कुठून सुरू करावं ते कळत नाही.

या सगळ्याला एक कायमचा श्रोता आहे. खिडकीजवळच्या कॉटवरचा सोमा. आंबेगावच्या पश्चिमेला डोंगरातल्या एका वाडीतला. दीड वर्षापूर्वी हिरडा काढताना झाडावरून पडला, तेव्हापासून कमरेखाली काही नाही. थोरला भाऊ बुधा त्याला रोज व्हीलचेअरवर घेऊन येतो. दोघं आमच्या सेंटरमागच्याच खोलीत राहतात.

*

आमच्याकडे पाठ दुखली की माणूस सरळ जाहीर करतो, "गॅप आलाय!" डिंगोऱ्याची एक आजी असाच गॅप घेऊन आली. मी एक्स-रे उजेडात धरला. दोन मणक्यांमध्ये गादी असते, तिच्यामुळे मध्ये मोकळी जागा दिसते. आजीची खालची गादी झिजली होती.

"आजी, गॅप आलेला नाही. उलट होता तो कमी झालाय."

आजीनं चष्मा वर करून फोटो नीट बघितला. "आरं मंग वरच्यातला थोडा खाली घे की! तिथं लई दिसतोय!"

सोमा इतका हसला की बुधाला त्याला धरावं लागलं. हसताना त्याचा तोल जातो. पोटाचे खालचे स्नायू साथ देत नाहीत.

*

मंचरच्या बाजारातला एक हमाल. कांद्याची गोणी उचलून उचलून कंबर गेलेली, पण तक्रार कंबरेची नव्हतीच. "सर, चप्पल पायात ऱ्हात न्हाई." दुकानदारानं फसवलं म्हणून त्यानं तीन जोड बदलले होते, दुकानदाराशी भांडणही झालं होतं. मी पायाचा अंगठा वर उचलायला सांगितलं. उचलेना! कंबरेतून अंगठ्याकडे जाणारी नस कित्येक महिने दबलेली, आणि हा बिचारा चपला बदलत बसला. ऑपरेशन झालं, कळ थांबली, पण पाऊल लोंबतं ते लोंबतंच. आता तो गोण्या मोजायला बसतो.

सोमा म्हणाला, "माज्या चपला बघा सर! दीड वरीस झालं, आजून नव्याच!"

मी टॉवेलच्या घड्या घालत बसलो.

*

एकदा मलाच उसण भरली. फिजिओथेरपिस्टला! खाली वाकता येईना. घरी पिंपळवंडीला गेलो तर आईनं चुलतीला बोलावलं. चुलती पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. अशा माणसानं पाय लावला की उसण जाते, हा आमच्याकडचा पक्का विश्वास. मला पालथं पाडलं, चुलतीनं तीनदा पाय लावला. दुसऱ्या दिवशी कंबर मोकळी! ती तशीही झाली असती, पण हे आईला सांगायची माझी हिंमत नाही.

ही बातमी सेंटरला पोचलीच. सोमा म्हणाला, "चुलतीला हितं आना की! माज्या कमरंवर फुगडी खेळू द्या तिला, मला कुटं कळनार हाय!"

सगळे हसले. बुधा तेवढा हसला नाही. तो खाली मान घालून सोमाच्या पायाची बोटं एकेक करून चोळत होता. तो ते रोज करतो, मी न सांगता.

*

आता टाचणीचं सांगतो. मज्जारज्जूतून नसांच्या एकतीस जोड्या निघतात, आणि तलाठ्याकडची गावं ठरलेली असतात तसा प्रत्येक जोडीचा इलाका ठरलेला. बेंबीचा पट्टा एकीचा, गुडघ्याचा दुसरीचा, करंगळीचा तिसरीचा. डोळे मिटायला लावून टाचणी टोचत खाली यायचं. जिथं कळायचं थांबतं, तिथं रज्जूला मार.

लोक खोटं बोलतात हो! घरचे भोवती उभे असतात, त्यांना वाईट वाटू नये म्हणून "कळतंय, कळतंय" म्हणत राहतात. म्हणून मी मध्येच टाचणी न लावता विचारतो, "आता?" एक रिटायर्ड गुरुजी त्यालाही म्हणाले, "हो, चांगलंच टोचलं!"

सोमा मात्र पहिल्या दिवशी सरळ बोलला. छातीवर "कळतंय." पोटावर "कळतंय." बेंबीखाली "नाय. नाय. नाय." मी निळ्या पेनानं तिथं आडवी रेघ मारली. सोमा म्हणाला, "हितपत्तुर मी. खाली पावणं ऱ्हायला आल्यात."

सहा दिवसांनी बघतो तर रेघ तशीच! बुधा रोज अंघोळ घालताना रेघेच्या कडेकडेनं साबण लावत होता. पुढं ती पुसट झाली की तो स्वतःच पेन आणून द्यायचा आणि विचारायचा, "सर, खाली सरकली का?"

दीड वर्षात ती बोटभरही सरकली नाही.

*

त्याच पहिल्या दिवशी सोमानं बुधाला पाणी आणायला बाहेर पाठवलं आणि मला हळूच सांगितलं, "झाडाखाली पडलो तवा माज्या पायाची बोटं हालत व्हती. दादानी पाठुंगळी घेतला. वढ्यात उतरताना पाठीत कट्‌कन वाजलं आन् पाय ग्येलं. तुमी कागदावर लिवा, पर दादाला सांगू नका."

बुधानं त्याला तासभर पाठीवर वाहून रस्त्यापर्यंत आणलं होतं. वाडीनं शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार केला होता. भावाचा जीव वाचवला म्हणून!

मी कागदावर लिहिलं आणि तोंड बंद ठेवलं. दीड वर्ष ठेवलं. आणि गेल्या महिन्यात मीच माती खाल्ली.

त्यांच्याच वाडीत शिबिर होतं. झाडावरून पडलेल्याला कसं हलवायचं, ते मी दाखवत होतो. शिडीवर किंवा दाराच्या फळीवर घ्या, चौघांनी एकदम उचला, मान धरून ठेवा. मी अगदी रंगात आलो होतो. "रज्जू करंगळीएवढा जाड आणि मऊ असतो. आधी पायाला चिमटा काढा. कळला, तर रज्जू शाबूत आहे! अशा माणसाला पाठीवर टाकून आणलात, तर त्याचे पाय तुम्हीच घालवाल!"

टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत बुधा बसला होता. तो टाळ्या वाजवत नव्हता. मला त्या क्षणी स्वतःची जीभ उपटावीशी वाटली.

*

त्यानंतर बुधा सोमाला आणून सोडायचा आणि बाहेर जाऊन बसायचा. बोटं चोळायचा नाही. पेनही आणायचा नाही. शिबिरातलं माझं बोलणं सोमाच्याही कानावर गेलं होतं. तो मला म्हणाला, "चार दीस झालं, दादा धड जेवला नाय. त्याला आत बोलवा."

बुधा आला, पायथ्याशी उभा राहिला. सोमा नेहमीच्या मस्करीच्या सुरात म्हणाला, "दादा, येक सांगायचं ऱ्हायलं व्हतं. पडल्या पडल्याच माजं पाय ग्येलं व्हतं. झाडाखाली मला कायबी कळत नव्हतं. तू न्हाई आनला तरी त्ये जायचंच व्हतं. सरांच्या कागदावर पयल्या दिसापास्नं लिवल्यालं हाय. हाय ना वो सर?"

फाईल माझ्या हातातच होती. मी म्हणालो, "हो. लिहिलंय."

बुधानं माझ्याकडं बघितलं, मग सोमाकडं. "व्हय. मलाबी तसंच आटवतंय." मग सोमाच्या पायांवरची चादर त्यानं नीट केली आणि बादली उचलून बाहेर गेला. किती दिवसांनी सोमाचा चेहरा मोकळा झाला! मलाही सुटल्यासारखं वाटलं. मी बुधाच्या मागोमाग नळावर गेलो, दोन शब्द बोलावेत म्हणून.

तो पाणी भरत होता. वर न बघता म्हणाला, "झाडाखाली त्यो पयलं काय बोलला, सांगू? 'दादा, पायाला मुंगळं चावत्यात, आदी त्ये झाड.' मी झाडलं, सर. दोन्ही पायाचं झाडलं. मंग उचलला."

बादली भरली. त्यानं नळ बंद केला.

"सोमाला सांगू नका."