शाईखाली झाकलेला पत्ता

सत्तरच्या दशकात मी नागपुरातील एका सार्वजनिक वाचनालयात सभासदांची नोंद ठेवीत असे. एम.ए. झालो होतो, परंतु चारचौघांत बोलण्याचा धीर नसल्याने प्राध्यापकी टाळून पुस्तकांच्या आडोशाला येऊन बसलो होतो.

उमरेडची एक तिशीतली बाई सासरचा मार सोसवेना म्हणून घर सोडून आली होती. बाहेरून बी.ए.ला बसणार होती. महाल भागातले मावशीचे घर सोडून ती सक्करदऱ्याला मैत्रिणीकडे राहायला गेली, तेव्हा नवा पत्ता लिहून देताना म्हणाली, "हा कोनाले सांगू नका जी. परीक्षा होईपर्यंत तरी."

मी मान हलवली. त्या दिवसापासून सभासदांचे रजिस्टर खणात कुलपाखाली ठेवू लागलो. कोणीतरी माझ्यावर विश्वास टाकला, याचे मला फार अप्रूप होते.

परीक्षेला महिना उरला असताना भर दुपारी एक गृहस्थ आला. हातात आमच्या शिक्क्याचे पुस्तक, आतल्या चिठ्ठीवर तिचा सभासद क्रमांक.

"बहिणीचं हाय जी. माहेरी विसरून आली. तिचा पत्ता पाहू द्या ना जरा."

"रजिस्टर दाखवता येत नाही," मी म्हणालो. इतका ठाम मी क्वचितच बोललो असेन.

तो हसला. "असू द्या. मोठे कायद्याचे मानूस तुम्ही! महालातच असन मंग ते, मावशीकडे. जातो पायी पायी."

तो पायऱ्या उतरला. डोक्याला साधा दुपट्टाही नव्हता. माझ्यादेखत एक माणूस उन्हात चुकीच्या वाटेने निघावा आणि ठाऊक असून मी गप्प बसावे, हे माझ्या सौजन्याला रुचले नाही.

"महालात नाही," मी मागून म्हणालो. "सक्करदऱ्याला. दवाखान्यामागच्या चाळीत."

हल्ली माझी नात बजावते, "आबा, फोनवर कोणी तुमची जन्मतारीख चुकीची सांगितली तरी दुरुस्त करू नका. खरी काढून घ्यायची ती युक्ती असते." ती युक्ती मला जुनी ओळखीची आहे, हे मी तिला कधी सांगितलेले नाही.

त्या दुपारनंतर चौथ्या दिवशी बाई आली. उरलेली दोन पुस्तके आणि सभासदपत्र तिने टेबलावर ठेवले.

"नवऱ्यानं मैत्रिणीकडे सारे मामा-काका आनून बसवले जी. उद्या उमरेडले नेऊन राहिले मले. परीक्षा गेली." मग थांबून तिने विचारले, "इथं कोनी आलं होतं का?"

"आपले बंधू. पुस्तक परत करायला."

"मले भाऊ नाही जी." तिने खणाच्या कुलपाकडे पाहिले. "त्यानं रजिस्टर पाहिलं?"

"नाही. रजिस्टर मी दाखवले नाही."

शब्दन् शब्द खरा होता. मी त्याच्या आड उभा राहिलो.

"मंग मैत्रिणीनंच सांगितलं असन," ती म्हणाली. "रडून रडून शपथा घेत होती, मी नाही म्हनून. मी लय बोलली तिले. वाटलं, उगाच बोलली. पन तुमच्याशिवाय तिलेच तं माहीत होतं." निघताना वळून म्हणाली, "तुम्ही तरी जपलं जी."

मला एकच वाक्य बोलायचे होते. ते ओठांशी येईतो ती पायऱ्या उतरून गेली. जिला मी मागून हाक मारायला हवी होती, तिला मात्र हाक मारली नाही.

वाचनालय बंद करण्यापूर्वी मी खण उघडला, रजिस्टर काढले, आणि तिचा पत्ता एकही अक्षर दिसणार नाही इतकी शाई फासून झाकून टाकला. मग खणाला कुलूप लावले.